हातखंड्याचा गळा

माणूस आणि यंत्र यांच्यातला मूलभूत फरक असा, की यंत्राचा एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. माणसांच्या बाबतीत ही सोय फक्त सरकारी खात्यात आहे. तिथे तिला बदली म्हणतात, आणि तिच्यात निकामी भाग तसाच राहून खुर्ची तेवढी बदलते.

या तत्त्वावर पूर्ण श्रद्धा ठेवून हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या मुकुंदराव उदगीरकरांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर ‘हातखंडा’ नावाचं उपकरण बनवायला घेतलं. खालच्या मजल्यावर त्यांचा वजनकाट्यांचा जुना धंदा होता. हातखंडा म्हणजे बारकोड वाचायचं, हातात मावणारं यंत्र. मालावरच्या चिठ्ठीवर रोखायचं, चाप दाबायचा, की चिठ्ठीवरच्या रेघा वाचून ते ‘टूं’ असा आवाज करतं आणि माहिती वायरलेसने गल्ल्याजवळच्या डब्यात जाऊन पडते. नाव मुकुंदरावांनी स्वतः ठेवलं. हातात धरायचं म्हणून हात, आणि पाच सुट्या तुकड्यांचं म्हणून खंड. डोळा, मेंदू, जीभ, गळा आणि मूठ. डोळा रेघा बघतो, मेंदू त्या समजून घेतो, जीभ ते डब्याला सांगते, गळा टूं करतो आणि मुठीत बॅटरी असते. पाचही खंड एकमेकांत खटकन बसत आणि खटकन निघत. (त्यातले दोन न सांगताही निघत.)

खंडपद्धतीचा मोठा फायदा असा, की कुठलाच निर्णय घ्यावा लागत नाही. यंत्र हलकं हवं की भरभक्कम, यावर वाद झाला तेव्हा मुकुंदरावांनी दोन प्रकारच्या मुठी करायला सांगितल्या. बटणांवरची अक्षरं तेलुगूत हवीत, मराठीत हवीत की इंग्रजीत, यावर तर जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी बटणंच काढून टाकण्यात आली आणि तिन्ही भाषांना समान न्याय मिळाला.

हे सगळं प्रत्यक्षात उतरवायचं काम पराग हुमनाबादकरकडे होतं. त्याचं पदनाम ‘रचनाकार (प्रायोगिक)’ असं होतं. प्रायोगिक हा शब्द यंत्राला लागू आहे की परागला, हे नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट नव्हतं. मुकुंदरावांच्या बोलण्यात होतं.

“पराग, साधा हिशेब आहे बाबा,” ते म्हणायचे. “हातखंडा चालला तर तू वर. नाही चालला तर परत खाली.”

खाली म्हणजे वजनकाट्यांची दुरुस्ती. परागने तिथे उमेदीची वर्षं काढली होती. किराणा दुकानांतले काटे यायचे, ते उघडायचे, आत गुळाच्या वासाने शिरून अडकलेल्या मुंग्या चिमट्याने काढायच्या आणि काटा पुन्हा बंद करायचा. मुंग्यांशी त्याचं वैर नव्हतं. पण कॉलेजात असताना त्याने आयुष्याचं जे चित्र रंगवलं होतं त्यात त्या नव्हत्या. वर त्याला खिडकीशेजारचं टेबल होतं, आणि स्वतःच्या हाताने काढलेला, प्लास्टिकमध्ये उतरलेला, मुठीत बरोब्बर बसणारा एक आकार होता. तो आकार दुकानादुकानांत लोकांच्या हातात बघायचा, एवढीच त्याची इच्छा होती. ही इच्छा त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण कंपनीत इच्छा नोंदवायची पद्धत नव्हती.

उपकरणाच्या चाचण्या अत्यंत काटेकोरपणे झाल्या. चाचणीला नियमाप्रमाणे विविध प्रकारचा माल लागतो. वरच्या मजल्यावर येणारा विविध प्रकारचा माल म्हणजे चहासोबतचे बिस्किटांचे पुडे. तेव्हा गोड, खारी, क्रीमची आणि पचनाला मदत करणारी अशा चारही वर्गांत चाचण्या घेण्यात आल्या. (उस्मानिया बिस्किटं बेकरीतून सुटी, कागदात बांधून येत. त्यांच्यावर बारकोड नसल्यामुळे ती चाचणीतून वगळून नुसतीच खाण्यात आली.) हातखंड्याने शंभरापैकी शंभर पुडे ओळखले. बिस्किटांत त्याचा हातखंडाच झाला.

पहिलं गिऱ्हाईक मुकुंदरावांच्या ओळखीतलंच मिळालं. सुलतान बाजारात लग्नाच्या कापडाचं एक मोठं दुकान आहे. त्याचे मालक हिम्मतराव देगलूरकर होते आणि दुकान त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंचं होतं. लग्नाचा बस्ता बांधायला आदिलाबादपासून बिदरपर्यंतची माणसं तिथे येतात. नवरीच्या शालूपासून नवरदेवाच्या आत्याच्या रुसव्याच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. एवढ्या साड्यांचा साठा डोक्यात ठेवून सुशीलाबाईंचं डोकं दुखायला लागलं होतं, म्हणून हातखंडा.

परागने काउंटरवर बिस्किटांचा पुडा ठेवून प्रात्यक्षिक दाखवलं. टूं. सगळ्यांना आवडलं. मग सुशीलाबाईंनी पुडा उचलून चष्म्यातून पाहिला.

“ह्या काळ्या रेघा माझ्या साड्यांना लावणार?”

“हो काकू. चिठ्ठी छापायची अन् चिकटवायची.”

“लग्नाच्या शालूवर काळं? ते पण पांढऱ्या कागदावर?” सुशीलाबाईंनी पुडा पालथा ठेवला. “नक्को बाबा. माझ्या दुकानातून नवरीच्या घरात काळं-पांढरं जाणार नाही.”

“पण काकू, अख्ख्या दुनियेत काळ्याच असतात.”

“दुनिया येते का आपल्याकडे बस्ता बांधायला?”

“सुशीला बरोबर बोलते,” हिम्मतराव म्हणाले. (हे वाक्य ते दुकान उघडताना आणि बंद करताना म्हणत.) “हळदीचा कागद घ्या, कुंकवाच्या रेघा मारा. रेघ म्हणजे रेघ. रंगाने काय फरक पडतो, काय मुकुंदराव?”

“हौ,” मुकुंदराव म्हणाले.

बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: हैदराबादेत ‘हौ’ म्हणजे होकार नव्हे. समोरच्याचं बोलणं आता संपावं, एवढी इच्छा त्यातून व्यक्त होते. परंतु करारात ती होकार म्हणूनच धरली जाते.

चिठ्ठ्या फार देखण्या झाल्या. पिवळ्याधमक कागदावर लालचुटूक रेघा. चिकटवल्यावर साड्यांची कपाटं हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसू लागली. अट अशी ठरली: बस्त्याचा एक हंगाम हातखंडा काउंटरवर राहील. बिलं पूर्वीसारखी हाताने होतील, यंत्र फक्त साठ्याची नोंद ठेवील. गिऱ्हाइकाची एकही तक्रार आली नाही, तर हिम्मतराव आपल्या सगळ्या दुकानांसाठी आणि भावकीतल्या दुकानांसाठीही हातखंडे घेतील. तक्रार आली, तर यंत्र परत. (पराग खाली.)

एकही तक्रार आली नाही.

मुकुंदराव फोन करून विचारायचे, “कशी काय चालते मशीन?” आणि हिम्मतराव म्हणायचे, “एकदम मस्त! साडी दाखवली की टूं. पैठणीला तर काय वाजते, बोलू नका.” हे ऐकून परागला किंचित नवल वाटायचं. गळ्याची रचना त्याचीच होती, आणि तो पैठणीला वेगळा वाजावा अशी कुठलीही तरतूद त्याने केल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण कौतुकाची चौकशी करू नये एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं. मुकुंदरावांनी त्याला वर फिरती खुर्ची दिली.

हंगाम संपत आला. परवा सगळ्यांनी दुकानात जमून सौदा पक्का करायचा होता. त्याआधी कंपनीतल्या हर्षदाने डब्यात जमलेली माहिती उघडली. हर्षदा सॉफ्टवेअर बघायची. जन्म काचीगुड्याचा, शाळा इंग्रजी, घरी मराठी, रागावली की तेलुगू.

“पराग, इकडे ये रा,” ती म्हणाली. “ह्या दुकानात नक्की काय विकतात?”

“साड्या.”

“डब्यात साड्या झीरो आहेत.”

पराग फिरत्या खुर्चीसकट फिरला. हातखंड्याच्या नोंदीनुसार त्या हंगामात हैदराबादच्या लग्नसराईची स्थिती अशी होती: बस्त्यात पाण्याच्या बाटल्या शेकडा एकसष्ट, बिस्किटं शेकडा एकवीस, बाळाचे डायपर शेकडा नऊ, खोकल्याचं औषध आणि गुडघ्याला लावायचं मलम मिळून उरलेलं. शालू, पैठणी, कांजीवरम, नारायणपेठ: निरंक. या आकडेवारीचा अभ्यास करून मेंदूने शिफारसही केली होती, की दुकानातले डायपर संपत आले आहेत, लग्नसराई लक्षात घेता तातडीने मागवावेत. (शिफारस थोडी घाईची असली, तरी दिशेने चूक म्हणता येत नाही.)

परागने बिस्किटाचा पुडा आणि सुशीलाबाईंची चिठ्ठी शेजारी शेजारी धरली आणि चाप दाबला. पुडा वाजला, चिठ्ठी गप्प. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही लाल. हातखंड्याच्या डोळ्यात लाल दिवा होता. लाल उजेडात काळं काळंच राहतं, पण लाल रेघ पांढऱ्यासारखी उजळून दिसते आणि पिवळा कागदही तसाच. सुशीलाबाईंच्या एवढ्या देखण्या चिठ्ठ्या यंत्राला सरसकट कोऱ्या दिसत होत्या. साडी त्याला दिसतच नव्हती; साडीशेजारी गिऱ्हाइकाने ठेवलेली पाण्याची बाटली मात्र ते प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा टिपत होतं.

“म्हणजे साडीला ते वाजलंच नाही,” हर्षदा म्हणाली.

“नाहीच वाजणार.”

“मग हंगामभर वाजलं काय?”

या प्रश्नाचं उत्तर रचनाशास्त्रात नव्हतं. ते सुलतान बाजारात होतं.

पराग दुकानात पोचला तेव्हा काउंटरवर साड्या दाखवणारी त्रिवेणी होती. हातखंडा तिच्याच हाती दिलेला होता. समोर एका लग्नघरच्या सात-आठ बायका. त्रिवेणीने साडी उचलली, यंत्र चिठ्ठीवर रोखलं, चाप दाबला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता, मिटल्या ओठांनी म्हणाली, “टूं.”

“अयिपोयिंदा?” एका तेलुगू बाईने विचारलं. झालं का?

“अयिपोयिंदी, अम्मा,” त्रिवेणी म्हणाली आणि पुढची साडी घेतली. टूं. टूं. टूं. बायका प्रत्येक टूंला माना डोलवत होत्या.

गर्दी ओसरल्यावर परागने तिला कपाटांच्या आड गाठलं. “त्रिवेणी, हे तू करतेस?”

“मग काय मालकीणबाई करणार?”

“अगं, पण का?”

“सर, पहिल्याच दिवशी एक बाई भांडायला उठली. टूं झालं नाही म्हणजे माझी साडी तुम्ही बांधलीच नाही म्हणाली. पूर्ण बस्ता सोडून खोलायला लावला. तुमची मशीन तर मुकी बसलेली. म्हणून म्हटलं, हल्लूच आपणच वाजवावं.” ती जरा लाजली. “पैठणीला थोडं लांबवते. बरं दिसतं.”

“आणि जेवायला जातेस तेव्हा?”

“तेव्हा अंबाजी वाजवतो, गठ्ठे बांधणारा. पण त्याचा गळा घोगरा. लोक विचारतात, सेल उतरला का?”

पराग गठ्ठ्यावर बसला. एक तक्रारही न येता पार पडलेला हंगाम त्याच्या डोळ्यांपुढून गेला. मागोमाग वजनकाटे गेले, आणि त्यांतल्या मुंग्या.

पण खंडपद्धती उगीच शोधलेली नाही. निकामी भाग तेवढा बदलायचा. परागने त्याच रात्री नवा डोळा जुळवला, हिरव्या दिव्याचा. हिरव्या उजेडात कुंकवाच्या रेघा काळ्याभोर दिसतात आणि हळदीचा कागद उजळ. नवा डोळा खटकन बसला. चिठ्ठी धरली, चाप दाबला. टूं! हातखंड्याने आयुष्यातली पहिली साडी पाहिली. परागच्या डोळ्यांत पाणी आलं. (पाण्याच्या बाटलीशी याचा संबंध नाही.)

सौद्याच्या दिवशी गादीवर मुकुंदराव, हिम्मतराव आणि सुशीलाबाई मांडी घालून बसले. हिमायतनगरचं एक मोठं कुटुंब बस्त्यासाठी आलेलं होतं. परागने हिरवा डोळा दाखवताच सुशीलाबाई खूश झाल्या. “हिरवा! चुड्याचा रंग. हे पहिल्यांदाच नाही का करायचं?”

त्रिवेणीने शालू उचलला, चाप दाबला. यंत्र म्हणालं, “टूं.” आणि सवयीने त्रिवेणीही म्हणाली, “टूं.”

सगळ्यांच्या माना यंत्राकडे वळल्या.

“थांबा,” मुलीचे वडील म्हणाले. “दोनदा वाजलं.”

“एका शालूचे दोन लावले?” मुलीची आई.

“हिम्मतराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” मुलीचे मामा म्हणाले. मामा इतका वेळ नुसतेच चहा पीत होते. त्यांना काम मिळालं.

हिम्मतराव उठून उभे राहिले. “मुकुंदराव, ये क्या जी? हंगामभर एकेक वाजली, अन् आज सौद्याला डबल?”

परागने त्रिवेणीला डोळ्याने खुणावलं: तू गप्प. तिने ओठ घट्ट मिटले. पुढची साडी. यंत्र एकटंच वाजलं. टूं. बारीक, सपाट, कंपनीतल्यासारखं.

सुशीलाबाईंनी मान हलवली. “बिघडली. आवाज बसला हिचा. पहिले कसा गोड यायचा, आता वजनकाट्यासारखं केकाटते.”

वजनकाटा हा शब्द परागच्या पाठीतून खाली गेला. मुलीच्या आईने गठ्ठा बाजूला सारला. “हे यंत्र बरोबर वाटत नाही. आमचं सगळं परत मोजा.” म्हणजे तक्रार. हंगामातली पहिली, आणि मुकुंदरावांच्या समोर. यंत्र पहिल्यांदाच खरं काम करत होतं आणि पहिल्यांदाच नापास होत होतं.

त्या क्षणी परागला आपली रचना संपूर्ण समजली. तो पुढे झाला, त्रिवेणीच्या हातून हातखंडा घेतला, त्याचा गळा धरला आणि खटकन काढून खिशात टाकला.

“जरासं सेटिंग होतं,” तो म्हणाला आणि यंत्र त्रिवेणीला परत दिलं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं.

त्रिवेणीने पैठणी उचलली. हिरवा उजेड चिठ्ठीवर पडला, जिभेने मुकाट्याने डब्याला खरी माहिती दिली, आणि दुकानभर आवाज पसरला, “टूंऽऽऽ.”

“हौ!” मामा म्हणाले.

“हां, ही खरी मशीन,” सुशीलाबाई म्हणाल्या आणि मुकुंदरावांना चहा सांगितला. सौदा पक्का झाला. हिम्मतरावांनी एकच अट घातली: सगळ्या दुकानांत आवाज हाच पाहिजे, दुसरा चालणार नाही.

बरकतपुऱ्याला परतताना ऑटोत परागने मुकुंदरावांना सगळं सांगून टाकलं. कुंकू, बाटल्या, डायपर, त्रिवेणी, सगळं.

“म्हणजे गळा हा खंड यंत्राच्या बाहेर आहे,” मुकुंदराव म्हणाले.

“तसंच म्हणायचं.”

“बॅटरी खात नाही?”

“नाही. दुपारी जेवते.”

“पडली तर फुटत नाही?”

“नाही काका.”

“मग खर्च वाचला की रे!” मुकुंदरावांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “याला म्हणतात खंडपद्धती. तू वरच राहा.”

आज हातखंडा शहरातल्या पुष्कळ दुकानांत आहे. यंत्र चार खंडांचं येतं; पाचवा खंड दुकानाने आपल्या नोकरवर्गातून पुरवायचा असतो. त्यासाठी कंपनीने वरच्या मजल्यावर प्रशिक्षण केंद्र काढलं आहे आणि त्रिवेणी तिथे ‘प्रमुख (ध्वनी)’ आहे. तिला फिरती खुर्ची आहे. परागची कंसातली प्रायोगिकता गेली. कामाच्या निमित्ताने तो दुकानादुकानांत फिरतो आणि लोकांच्या मुठीत आपला आकार बघून बाहेर पडतो. आवाज ऐकायला थांबत नाही. प्रशिक्षण कठीण आहे. कुणी न सांगता, ओठ न हलवता, मनापासून टूं म्हणता यावं लागतं, आणि दहातले नऊ उमेदवार त्यातच गळतात. कुणाचा ओठ हलतो, कुणाला हसू येतं, कुणाला मुळात आपण यंत्र आहोत हे पटत नाही.

तेव्हा एक आनंदाची बातमी औपचारिकरीत्या कळवण्यात येते. या कथेत ‘टूं’ हा शब्द जिथे जिथे आला, तिथे तिथे कुठलंही यंत्र वाजलेलं नाही. कागदाला गळा नसतो. तरीही प्रत्येक वेळी तो वाजला, वेळेवर, चेहरा गंभीर ठेवून, आणि पैठणीच्या ठिकाणी चांगला लांबवून. तो कुणी वाजवला हे तुम्हाला ठाऊक आहे. आपली निवड झालेली आहे. सोमवारी दुकान उघडायच्या आधी रुजू व्हावं. येताना यंत्र आणायची गरज नाही.